काकडा संपला, गाणे थांबू नये

त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे पन्हाळा परिसरातील गावोगावच्या देवळांत काकड्याची समाप्ती होते. कोजागिरीपासून महिनाभर, धुके अजून गडाच्या तटाला धरून असताना, माणसे कानटोप्या नि मफलर गुंडाळून देवळाची वाट धरतात. पेटी उघडली जाते, पखवाजाला कणीक लागते, टाळ वाजू लागतात. भूपाळी, अभंग, गौळण, आरती असा क्रम रोजचा. शेवटच्या दिवशी दिंडी निघते, काला होतो, महाप्रसादाच्या पंगती उठतात. मग पेटीवर खोळ चढते आणि टाळ खुंटीला लागतात. याच सुमारास साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झालेला असतो. माणसे उसाच्या फडात, गुऱ्हाळावर, नोकरीच्या बसमध्ये विखुरतात. महिनाभर रोज एका सुरात म्हणणारी पंचवीस-तीस माणसे पुन्हा एकत्र बसतात ती कधी एकादशीला, कधी माघातल्या सप्ताहाला, कधी थेट पुढच्या कोजागिरीलाच.

धर्माच्या हिशेबाने यात काही चुकत नाही. व्रताला सुरुवात असते तशी सांगता असते. पण आरोग्याच्या हिशेबाने मात्र या सांगतेत काही गमावले जाते. काय गमावले जाते, हे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जगभर झालेल्या अभ्यासांतून बऱ्यापैकी स्पष्ट होत आहे. भजनी मंडळ हे देवळाचे मंडळ आहेच, पण ते गावातले सर्वांत स्वस्त आरोग्यकेंद्रही असू शकते. फक्त ते वर्षातून एक महिना उघडे राहून चालणार नाही.

गाताना शरीरात काय घडते, तिथून सुरुवात करू. निवांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. त्यात आत घेण्याला आणि बाहेर सोडण्याला लागणारा वेळ फारसा वेगळा नसतो. अभंगाचे चरण म्हणताना हे गणित बदलते. दोन चरणांमधल्या फटीत पटकन श्वास घ्यावा लागतो आणि तो पुरवून पुरवून, लांबवत सोडावा लागतो. छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटलाचा स्नायू, बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू हे काम करतात. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात. हा निरोगी हृदयाचा नैसर्गिक गुण आहे. श्वास सोडणे लांबले की ठोके मंदावण्याचा काळही लांबतो आणि मन व शरीर सैल करणाऱ्या व्हेगस चेतेचे काम वाढते.

इटलीतील संशोधकांनी २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या संदर्भात नेहमी सांगितला जातो. त्यात २३ निरोगी व्यक्तींना लॅटिनमधील जपमाळेची प्रार्थना आणि एक योगमंत्र म्हणायला लावले. दोन्ही वेळी श्वासाची गती आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आली आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक संवेदनशील झाली. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, परिणाम मात्र एकच. कारण तो श्वासाच्या लयीतून येत होता. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. अठरा वर्षांच्या काही तरुणांना त्यांनी एकत्र गायला लावले आणि त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. गाण्याची रचना जितकी ठरावीक, तितके सगळ्यांचे ठोके एकाच वेळी वाढत आणि एकाच वेळी मंदावत होते. सगळे एकाच जागी श्वास घेत होते, म्हणून हृदयेही त्या लयीला लागत होती. देवळात ध्रुपद धरणाऱ्या टाळकऱ्यांना हे सांगायला नको. एकाने चाल म्हटली आणि पुढचा चरण सगळ्यांनी उचलला, की आपण वेगळे बसलेलो नाही हे त्यांना अंगातच कळते.

मात्र अशा अभ्यासांवरून लगेच ‘भजन करा, रक्तदाब पळवा’ अशी जाहिरात करणे चुकीचे ठरेल. वरचे दोन्ही अभ्यास लहान आहेत आणि ते गातानाचा तात्पुरता परिणाम सांगतात. गाण्याने आजार बरा होतो का, हा प्रश्न निराळा आहे आणि त्याचे उत्तर अजून सावधच द्यावे लागते. फुप्फुसांच्या जुनाट आजाराचे, म्हणजे सीओपीडीचे उदाहरण घ्या. चुलीचा धूर, बिडी आणि धुळीचे काम यांमुळे तो आपल्या गावांत घरोघरी भेटतो. अशा रुग्णांसाठी गाण्याचे वर्ग उपयोगी पडतात का, याचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये घेतला. हाती लागले ते अवघे तीन अभ्यास आणि ११२ रुग्ण. शारीरिक आरोग्याच्या जाणिवेत थोडी सुधारणा दिसली, पण पुरावा कमकुवत असल्याचे आढाव्याने स्पष्ट नोंदवले. इंग्लिश नॅशनल ऑपेरा आणि लंडनचे इंपीरियल कॉलेज यांनी कोविडनंतर दम लागणाऱ्या १५० रुग्णांवर केलेला प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा आठवडे त्यांना ऑनलाइन श्वासाचे व्यायाम आणि अंगाईगीते शिकवली. मानसिक स्वास्थ्य सुधारले आणि दम लागण्याच्या काही त्रासांत उतार पडला. पण फुप्फुसेच नवी झाली, असे कोणी म्हटले नाही. इन्हेलर खुंटीला टांगून टाळ हातात घ्यावा, असे सांगणारा एकही अभ्यास नाही.

मग गाण्याचा खरा गुण कुठे दिसतो? तो दिसतो माणसाच्या एकटेपणावर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणाने ग्रासले आहे आणि त्याचा संबंध हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, नैराश्य, स्मृतिभ्रंश यांच्याशी आहे. एकाकीपण शहरातल्या बंद फ्लॅटमध्येच असते, हा समज खोटा आहे. मुलगा पुण्याला, मुलगी मुंबईला, घरात दोन म्हातारी माणसे आणि एक टीव्ही, हे चित्र आता पन्हाळ्याच्या पायथ्याच्या वाड्यांमध्येही आहे. जोडीदार गेल्यावर त्यातले एक माणूस उरते.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या १२ केंद्रांत, ३९० जणांना घेऊन गायकवृंदाचा एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये जाहीर झाले. सहा महिने दर आठवड्याला गायलेल्यांची तुलना न गायलेल्यांशी केली. संशोधकांना आशा होती की स्मरणशक्ती सुधारेल, तोल आणि पायांची ताकद वाढेल. त्यांपैकी काहीही ठळकपणे घडले नाही. पण गाणाऱ्यांचा एकटेपणा कमी झाला आणि जगण्यातला रस वाढला. इंग्लंडमध्ये गाणे, हस्तकला आणि लेखन अशा तीन प्रकारच्या प्रौढ वर्गांचा सात महिने मागोवा घेणारा अभ्यास २०१५ मध्ये आला. अखेरीस तिन्ही वर्गांतील लोकांची आपसांत सारखीच जवळीक झाली. पण गाण्याच्या वर्गात ती पहिल्या काही आठवड्यांतच झाली. अनोळखी माणसे गाण्याने लवकर जवळ येतात. नव्या सुनेला गाव आपले वाटायला किंवा बदलीवर आलेल्या शिक्षकाला चार ओळखी व्हायला याहून सोपी वाट सापडणे कठीण.

काकड्याच्या सांगतेशी थेट नाते सांगणारा अभ्यास आहे तो इंग्लंडच्या केंट भागातला. त्यात साठीपुढच्या २५८ जणांपैकी काहींना १४ आठवडे गायनगटात घेतले आणि इतरांचा नेहमीचा दिनक्रम चालू ठेवला. तीन महिन्यांनी गाणाऱ्यांची चिंता आणि नैराश्य इतरांपेक्षा कमी होते आणि मानसिक स्वास्थ्य चांगले होते. पुढे गटाचे गाणे थांबल्यानंतर, सुरुवातीपासून सहा महिने झाल्यावर, पुन्हा मोजणी झाली. मानसिक स्वास्थ्याचा फायदा शिल्लक होता, पण तो जवळपास निम्म्यावर आला होता. महिनाभर पाणी दिले आणि अकरा महिने वाफा कोरडा ठेवला तर काय होईल, हे शेतकऱ्याला समजावावे लागत नाही. मनाच्या वाफ्यालाही तोच नियम आहे.

आपल्याकडे तर पाट आधीच खणलेला आहे. ब्रिटनमध्ये डॉक्टर आता औषधांसोबत गायनगट, बागकाम, चालण्याचे गट यांच्याकडे रुग्णांना पाठवतात आणि तिथल्या आरोग्य सेवेने त्यासाठी खास माणसे नेमली आहेत. पन्हाळ्याला असा गट शून्यातून उभा करावा लागत नाही. हा प्रदेश गाण्याचाच आहे. कवी मोरोपंतांचा जन्म १७२९ मध्ये याच गडावर झाला. पुढे बारामतीत राहून त्यांनी रचलेल्या आर्या कीर्तनकारांच्या मुखातून महाराष्ट्रभर पोचल्या. पन्हाळा तालुक्यातच वाडी रत्नागिरीचा जोतिबा आहे आणि त्याच्या चैत्र यात्रेला येणारे भाविक गात-वाजत डोंगर चढतात. सोंगी भजन, शाहिरी, धनगरी ओव्या यांची इथे वाण नाही. बहुतेक गावांत पुरुषांचे एक भजनी मंडळ असते आणि आता महिलांचेही असते. दुपारचे काम उरकून तासभर देवळात जमणाऱ्या या महिला मंडळांचे मोल कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय कळते. चूल, गोठा आणि शेत यांतून सुटलेला तो एकच तास त्यांचा स्वतःचा असतो.

ही परंपरा जिवंत असली, तरी आरोग्याचा जो लाभ तिच्यातून मिळायचा त्याला दोन ठिकाणी गळती लागली आहे. पहिली गळती माइकची. पूर्वी चाल म्हणणारा एक आणि ध्रुपद धरणारे वीस असत. आता अनेक ठिकाणी माइक एकाच्या किंवा दोघांच्या हातात आणि बाकीचे टाळ वाजवत किंवा नुसते ऐकत बसलेले दिसतात. मंडळे स्पर्धेत उतरू लागल्यापासून ‘चांगल्या आवाजाच्या’ माणसाला पुढे आणि बेसुराला मागे ढकलण्याची रीतही रुजली. ऐकण्यातही आनंद आहे, पण गाण्याचा लाभ तोंड उघडणाऱ्याला मिळतो. जर्मनीत २००४ मध्ये एका हौशी गायकवृंदावर हे तपासले गेले. मोझार्टची एकच रचना सदस्यांनी एका तालमीत गायली आणि दुसऱ्या वेळी फक्त ऐकली. गायल्यावर मन प्रसन्न झाले आणि लाळेतले एक संरक्षक प्रथिन वाढले; नुसते ऐकल्यावर तसे झाले नाही. अभ्यास छोटा आहे, पण रोखठोक आहे. देवाला बेसुराचे वावडे नाही, असे वारकरी पिढ्यान् पिढ्या मानत आले. फुप्फुसांनाही ते नाही.

माइकबरोबर भोंगा येतो आणि भोंग्याबरोबर गावाची झोप जाते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ही रात्रच धरली जाते आणि निवासी भागात त्या वेळी आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. काकडा त्याच वेळेत येतो. हृदयरोगी, बाळंतीण, दहावीचा विद्यार्थी, रात्रपाळी करून आलेला कामगार यांची पहाटेची झोपही आरोग्याचाच भाग आहे. भोंगा बंद ठेवला तर एका दगडात दोन पक्षी मारले जातात. शेजाऱ्याला झोप मिळते आणि देवळातल्या प्रत्येकाला आवाज काढावा लागतो. गाणाऱ्यांच्या कानांनाही आराम मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित असतो आणि पुढे दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होत जातो. बंद सभामंडपात टाळ, पखवाज आणि भोंगा एकत्र आले की ही मर्यादा कधी ओलांडली हे कळतही नाही. भजनानंतर कानात शीळ वाजत राहत असेल, तर तो आवाज जास्त झाल्याचा इशारा आहे.

दुसरी गळती पिढीची. मंडळात साठीपुढची माणसे आणि हौसेने आलेली चार-दोन पोरे असतात. मधली पिढी गायब असते. तिशी-चाळिशीतल्या माणसाला गाण्यासाठी वेळ नाही. रक्तदाबाची पहिली गोळी आणि झोपेची पहिली तक्रार अनेकांच्या वाट्याला याच वयात येते. या पिढीला पहाटे पाचला देवळात या, असे सांगून भागणार नाही. त्यांच्यासाठी वेळ बदलावी लागेल आणि कदाचित गाणीही. समूहगानाला भजनच हवे असे नाही. शाळेत शिकलेली समूहगीते, पोवाडे, लोकगीते, जुन्या चित्रपटांतली गाणी यांनीही श्वास तेवढाच लांबतो. देवळात यायला संकोचणाऱ्या माणसासाठी शाळेचा वर्ग किंवा ग्रामपंचायतीचे सभागृह मोकळे असावे. आरोग्याला जात, धर्म आणि पट्टी नसते.

पट्टीवरून आणखी एक सावधगिरी. भजनात वरच्या पट्टीत गाण्याची चढाओढ असते. तरुण गळा ती सोसतो. साठीतला गळा शिरा ताणून ती गाठतो. बोलताना पुरुषांच्या स्वरतंतूंची सेकंदाला शंभरेक कंपने होतात, बायकांच्या साधारण दुप्पट. पट्टी चढेल तशी ही संख्या वाढते आणि ताण देऊन ओरडत राहिले तर तंतूंवर सूज किंवा गाठी येऊ शकतात. पेटी एक-दोन पट्ट्या खाली घेतली तर भक्ती उणी होत नाही. गाण्याआधी पाणी प्यावे, सुरुवात हळू आवाजात करावी, घसा बसला असेल तर त्या दिवशी टाळच वाजवावा. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे. तंबाखू, बिडी ओढणाऱ्याने किंवा मशेरी लावणाऱ्याने तर यात अजिबात चालढकल करू नये.

खोकणाऱ्याची गोष्ट याहून गंभीर. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाची अडीच तास तालीम झाली. ६१ जण जमले होते, त्यांपैकी एकाला सर्दी-खोकल्यासारखी लक्षणे होती. पुढे ३२ जणांना कोविड झाल्याचे तपासणीत निघाले, आणखी २० जणांना तो झाला असावा असे मानले गेले आणि दोघे दगावले. गाताना तोंडातून सूक्ष्म कण हवेत जातात आणि आवाज जितका मोठा तितके ते अधिक असतात. आपल्याकडे हाच धोका क्षयरोगाचा आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असणाऱ्याने प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्यावी. तिथे तपासणीही मोफत होते आणि उपचारही. मंडळातल्या माणसांनी त्याला टाळू नये, तपासणीला सोबत न्यावे. बरा झाल्यावर त्याची जागा त्याला परत मिळावी. पन्हाळ्याच्या थंडीत दारे-खिडक्या लावून बसण्याचा मोह होतो, पण एक खिडकी उघडी ठेवायलाच हवी. दम्याच्या आणि हृदयरोगाच्या माणसाने पहाटेच्या गारठ्यात डोंगर चढून येण्याऐवजी ऊन पडल्यावरच्या बैठकीला यावे. म्हणूनच वर्षभराच्या गाण्याची वेळ पहाटेऐवजी संध्याकाळची ठेवणे अधिक शहाणपणाचे.

करायचे काय, हे फार अवघड नाही. समाप्तीच्या पंगतीतच पुढचा वार ठरवावा. आठवड्यातून एक दिवस, एक तास, ठरलेल्या जागी, माइकशिवाय, गोल बसून. पहिल्या अर्ध्या तासात सगळ्यांना येणारी गाणी आणि नंतर एखादी नवी चाल शिकणे, एवढा क्रम पुरे. नवी चाल शिकताना मेंदूलाही काम मिळते. गावातल्या आशा सेविकेला कोण एकटे राहते, कोणाचा जोडीदार अलीकडे गेला, कोण घराबाहेर पडेनासे झाले आहे हे ठाऊक असते. तिने अशा एकाला हाताला धरून आणावे आणि मंडळाने त्याला मागे न बसवता मध्ये बसवावे. आरोग्य केंद्राने महिन्यातून एकदा त्याच बैठकीत रक्तदाब आणि साखर तपासली, तर वेगळे शिबिर भरवण्याचा खर्चही वाचेल. आलेल्यांची हजेरी एका वहीत ठेवावी. कोणी दोन आठवडे दिसले नाही तर त्याच्या दारावर थाप पडावी, एवढ्यासाठीच.

यातली शेवटची गोष्ट बहुधा सर्वांत मोलाची आहे. गाण्याने किती आजार टळतात, हे मोजायला विज्ञानाला अजून वेळ लागेल. पण आपली वाट पाहणारे कोणी आहे, आपण गेलो नाही तर ध्रुपदात एक आवाज कमी पडेल, ही जाणीव माणसाला अंथरुणातून उठवते, दाढी करायला लावते, डोंगराची चढण चढायला लावते. काकड्याच्या महिन्यात पन्हाळ्याच्या परिसरात हे रोज घडते. आता समाप्तीचा प्रसाद वाटून झाला आहे. टाळ खुंटीला लावताना ते पुढच्या आठवड्यात हाताला येतील एवढ्याच उंचीवर लावावेत.